नर्सबायची वही आणि पाच नंबरची गाय

गुरुवारी सकाळी साडेदहाला लुईझाबायने मोबाईलवर आपली वही उघडली, आणि वहीच्या जागी तिला गाय दिसली.

गायीचं चित्र असतं तर एकवेळ समजलं असतं. हल्ली मोबाईलवर काहीही येतं. पण ही गाय रवंथ करत होती. मधूनच कान झटकत होती. लुईझाबायने चष्मा काढला, गाऊनच्या टोकाला पुसला, परत घातला. गाय होतीच. तिने डोळे बारीक करून गायीकडे बघितलं. गायीनेही मान वळवून तिच्याकडे बघितलं, आणि शेण घातलं.

"जेजू!" लुईझाबाय म्हणाली.

मग तिने नंबर पुन्हा घातला. एकशे ब्याण्णव, टिंब, एकशे अडुसष्ट, टिंब, एक, टिंब, पाच. दोन वर्षं हा नंबर ती घालत होती, तेर्साच्या, म्हणजे जपमाळेच्या, प्रार्थनेसारखा तो तोंडपाठ होता. तिने बोट दाबलं. गाय.

दुपारी दोनच्या एस.टी.ने कसालहून एक मुलगी येणार होती. तिला वहीतली एक ओळ वाचून दाखवायचा शब्द लुईझाबायने दिला होता. आणि वहीत गाय शिरली होती.

वहीचं सांगायचं तर आधी बाईचं सांगायला हवं. लुईझा पिंटो, वय एकोणसत्तर. मालवणहून खाडीच्या कडेकडेने येणारा रस्ता जिथे कंटाळून संपतो तिथे खाजणवाडी, आणि खाजणवाडीच्या उपकेंद्रात ही चौतीस वर्षं नर्स. गाव तिला नर्सबाय म्हणतं. लग्न केलं नाही. का, असं कोणी विचारलं तर म्हणायची, "दुसऱ्यांची पोरां काडता काडता वेळ खंय गावलो?" आणि कोणी फारच खोदून विचारलं, तर त्याने स्वतः जन्माला येताना काय काय केलं होतं ते चारचौघांत सांगायची. त्यानंतर कोणी खोदून विचारेनासं झालं.

सरकारी रजिस्टरात नाव, तारीख, वेळ, वजन एवढंच लिहायचं असे. ते ती लिहायचीच. पण घरी येऊन, पाय धुऊन, चहा टाकून ती स्वतःच्या वहीत तीच बाळं पुन्हा लिहायची, कारण तिच्या वहीत एक रकाना जास्त होता. शेरा. 'बाप बाहेर उभ्या उभ्या पडला. दोन टाके. बाळंतिणीला नाही, बापाला.' 'होडीतच झाला. नाळ कापेपर्यंत वल्हं थांबवलं.' 'सासू म्हणाली, परत मुलगी. सासूला बाहेर काढलं.' अशा एक हजार एकशे चौसष्ट ओळी, सहा वह्यांत.

या वह्यांना मोठी किंमत आली ती पत्रिकांमुळे. लग्न ठरायला लागलं की जन्मवेळ लागते, आणि सरकारी कागद कधी भिजलेला, कधी हरवलेला. मग मुलाचा बाप चपला घालून नर्सबायकडे. भटजींचाही तिच्या वेळेवर विश्वास. खाजणवाडीतल्या निम्म्याअधिक पत्रिका एका कॅथलिक बाईच्या मनगटी घड्याळावर उभ्या आहेत. ते घड्याळ चार मिनिटं पुढे असायचं, हे तिने निवृत्त झाल्यावर सांगितलं. तोपर्यंत सगळ्यांचे संसार लागलेले होते, त्यामुळे ग्रहांनीही फारसं मनावर घेतलं नाही.

तिच्या बहिणीचा मुलगा ॲरोन जहाजावर इंजिनियर. एका नाताळात सुट्टीवर आला तेव्हा त्याने बसून सहाही वह्यांचं पान अन् पान फोटो काढून लॅपटॉपमध्ये भरलं. देवानेच बुद्धी दिली म्हणायची, कारण पुढच्या पावसाळ्यात ट्रंकेत वाळवी शिरली आणि सहाच्या सहा वह्या वाचून संपवल्या. उरला लॅपटॉप. त्याचंही नशीब काय सांगावं! एस.टी.त ॲरोनच्या बॅगेवर कोणीतरी फणस ठेवला, आणि पडदा गेला. आतलं सगळं शाबूत, पण वर काळोख.

"मावशी, फोटो वर इंटरनेटवर ठेवूया, कुठूनही बघता येतील," ॲरोन म्हणाला होता.

"बायकांची गुपितां आभाळात टांगूक नको," मावशी म्हणाली. "घरात ऱ्हवांदेत."

म्हणून ॲरोनने तो आंधळा लॅपटॉप सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, तसबिरीशेजारी कपाटावर कायमचा चालू ठेवला, आणि अशी सोय केली की घरच्याच वायफायवर, मोबाईलमध्ये तो नंबर घातला की वही उघडावी. इन्व्हर्टर होता, त्यामुळे लाईट गेली तरी राऊटर कधी बंद पडला नाही. दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. आणि मग आली गावपळण.

खाजणवाडीत दर चार वर्षांनी रवळनाथाचा कौल झाला की अख्खा गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. हिंदू जातात, कॅथलिक जातात. देवाने एकदा सांगितलं की कोणाचा देव ते कोणी विचारत नाही. खाडीपलीकडे झावळ्यांच्या झोपड्या पडतात. मुंबईचे चाकरमानी गणपतीला चुकतील, पण गावपळणीला रजा काढून येतात. गावात माणूस नाही, चूल नाही, दिवा नाही. सोमवारी परतायचा कौल झाला आणि गाव परत आला.

मंगळवारी फोन आला. नाशिकहून वडिलांकडे कसालला आलेली रश्मी नावाची मुलगी बोलत होती. सातवा महिना. रविवारी परत जाणार. तिचा जन्म खाजणवाडीचा, आईच्या माहेरी. आई शालिनी ती अडीच वर्षांची असताना तापाने गेली. आजी-आजोबाही गेले, माहेरचं घर विकलं गेलं.

"आईचा एकच फोटो आहे, लग्नातला," रश्मी म्हणाली. "त्यात मान खाली आणि तोंड मिटलेलं. बाबांना विचारलं तर म्हणतात, चांगली होती. चांगली होती म्हणजे काय हो, नर्सबाई?"

"ये बायो," लुईझाबाय म्हणाली. "तुझी ओळ आसा माझ्याकडे."

फोन ठेवला आणि ती शालिनीचा चेहरा आठवायला बसली. काहीच आलं नाही. सगळ्या बाळंतिणी आपल्याला आठवतात, असं ती गावाला ठासून सांगायची, आणि एके काळी ते खरंही होतं. अलीकडे नावं निसटत होती. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं, कबुलीजबाबात फादरनासुद्धा नाही, कारण विसरणं हे पाप आहे की नाही ते तिला नक्की ठाऊक नव्हतं. वही आसा, असं म्हणून तिने स्वतःला धीर दिला होता. आज गुरुवारी ती वहीच नसली तर त्या पोरीच्या हातावर काय ठेवणार? 'चांगली होती' एवढंच?

तिने ॲरोनला मेसेज टाकला. एकच टिक. जहाज कुठल्यातरी समुद्रात होतं. मग तिने बाबलीला फोन लावला.

बाबली केबलवाला. वय एकेचाळीस. आधी टीव्हीची केबल, आता इंटरनेट. त्याच्या वायरी माडावरून माडावर जातात, त्यामुळे एखादा नारळ वाईट वेळी पडला की अर्ध्या पंचक्रोशीचं नेट जातं.

"बाबल्या, माझ्या वहीत गाय इली हा."

"कोण इला?"

"गाय."

"बाय, सकाळची गोळी घेतलंस मां?"

"मेल्या, तुका हयसर येऊक सांगतंय, डॉक्टर होऊक नाय. आणि लवकर ये. नायतर तुझी ओळ वाचून दाखवीन वाडीत."

बाबलीच्या ओळीत 'डोकं मोठं, बाकी ठीक' असा शेरा आहे, आणि तो त्याच्या बायकोपर्यंत अजून पोचलेला नाही. वीस मिनिटांत त्याची स्कूटर गेटात उभी.

त्याने मोबाईलमधली गाय बघितली आणि हसायलाच लागला. "ही तर जितूची चंद्री!"

जितेंद्र म्हणजे शेजारच्या सुशीलाकाकीचा मुलगा. गाय गाभण, दिवस भरलेले, म्हणून त्याने गोठ्यात कॅमेरा लावला होता. नेट अर्थातच लुईझाबायचं. तिचा पासवर्ड साऱ्या वाडीला पाठ, कारण तिनेच सांगितलेला. पाण्याला आणि पासवर्डला नाही म्हणू नये, असं तिचं मत.

"बाय, राऊटर मधी बंद केलंलंस?"

"केलंय. गावपळणीक."

"आणि इन्व्हर्टर?"

"तोय केलंय."

"कित्याक गो?"

लुईझाबायने भिंतीवरच्या राऊटरकडे बोट दाखवलं. "तेच्यार हिरवो दिवो लुकलुकता. गावात दिवो ऱ्हवाक नको मां?"

दुसऱ्या कुठल्या गावचा माणूस असता तर यावर खो खो हसला असता. बाबलीने गंभीरपणे मान हलवली. "ता खरा. मी तर घड्याळाचो सेलय काडून ठेवलंलंय."

मग त्याने समजावलं. राऊटर हा घरात येईल त्याला नंबर देतो. कायमचा नव्हे, राहाल तोवर. दोन वर्षं लॅपटॉप हललाच नाही, म्हणून पाच नंबर त्याच्याकडेच राहिला. गावपळणीला सगळं बंद झालं आणि राऊटर सगळं विसरला. सोमवारी चालू केल्यावर जो पहिला आला त्याला पहिला नंबर. लॅपटॉप चालू झाला मंगळवारी, फोन आल्यानंतर. तोवर पाच नंबरवर चंद्री उभी.

"वही मरूक नाय तुझी. नुसतो नंबर बदललो. आता गावता बघ."

त्याने आपला मोबाईल काढला. पडद्यावर 'पत्ता मिळवत आहे' असं आलं आणि ते तसंच गरगरत राहिलं. बाबलीने मोबाईल झटकला, गाऊनला पुसायला म्हणून लुईझाबायकडे दिला, शेवटी शिवी देऊन खिशात टाकला. "माझो खटारो झालो हा. तुझो दी."

तिच्या मोबाईलवर त्याने एक ॲप घेतलं. घरच्या वायफायवर कोण कोण बसलंय त्याची यादी त्यात दिसते. यादी आली. नावं काय, तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि आकडे. त्यावरून मोबाईल कोणता आणि लॅपटॉप कोणता, हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. मग एकेक नंबर घालून बघायचा. दोन. गोल फिरला, फिरला, आणि पान उघडत नाही. तीन. पान उघडत नाही. चार. पाच म्हणजे चंद्री, ती आता बसली होती. सहा. प्रत्येकाला मिनिट-दीड मिनिट. लुईझाबाय खुर्चीच्या कडेवर बसून बघत होती, जशी ती बाळंतिणीच्या कळांमधलं अंतर मोजत बसायची. बारा. चौदा. सोळा. यादी संपली. वही कुठेच नाही.

घड्याळात एक वाजून गेला होता.

"यंत्र मेला काय रे?" तिने विचारलं. आवाज जरा बारीक झाला होता, आणि लुईझाबायचा आवाज बारीक झालेला बाबलीने आयुष्यात ऐकला नव्हता. ती उठली, कपाटाशी गेली आणि तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा लॅपटॉपच्या झाकणावर हात ठेवला.

"गरम आसा," ती म्हणाली. "जिवंत आसा. जीव आसा आणि रडणा नाय, म्हणजे खंय तरी अडकला हा. नीट बघ."

आता चौतीस वर्षं जिने अडकलेले जीव सोडवले ती सांगतेय म्हटल्यावर बाबलीने पुन्हा यादी हातात घेतली. या वेळी नंबर वाचण्याऐवजी त्याने नुसती डोकी मोजली. पंधरा. परत मोजली. पंधरा. मग त्याने स्वतःच्या कपाळावर हात मारला.

"बाय, चूक माझी आसा गो. गेल्या गणपतीत तू म्हणालंस मां, पोरां सगळा नेट खातत? तेव्हा मी राऊटरात पंधराच जागे ठेवलंय. आणि आता पंधरा भरले. तुझी वही दारात उभी आसा, तिका नंबरच गावाक नाय. माझ्या मोबाईलाक पण नाय."

"मगे जागो वाढव."

बाबलीने खाली बघितलं. जागा वाढवायला राऊटरच्या आतला पासवर्ड लागतो. तो पासवर्ड त्याने डायरीत लिहिला होता. डायरी मे महिन्यात होडीतून उतरताना खाडीत गेली. राऊटर पुसून नव्याने लावायचा, तर कुडाळहून कंपनीचा माणूस येईपर्यंत दोन दिवस नेटच नाही.

लुईझाबाय त्याच्याकडे बघत राहिली. ओरडली नाही. "म्हणजे पंधरा पावणे घरात शिरले, आणि घरधनीण भायर?"

"तसाच समज."

"आणि तां यंत्र बंद करून चालू केलां, की राऊटर परत सगळा विसरता?"

"विसरता. पण चालू करताच ती पंधरा परत धावान येतली. तुझी वही म्हातारी, ती मागेच ऱ्हवतली."

"नाय येवची ती," लुईझाबाय म्हणाली आणि पायांत चपला अडकवल्या. "देवाक तीन दिवस गाव रिकामो करून दितत मां? माका दहा मिनिटां करून दिवंदेत. सगळ्यांका भायर काड, बाबल्या."

ती खळ्यात, म्हणजे अंगणात, जाऊन उभी राहिली आणि पोलिओच्या डोसाला जी हाक मारायची तीच हाक तिने मारली. वाडी बाहेर आली. कोण आजारी, कोणाला काय झालं, अशी चेहऱ्यावर काळजी. नर्सबायने सगळ्यांना मोबाईल हातात घ्यायला लावले आणि हुकूम सोडला: वायफाय बंद. दहा मिनिटं. कोणीही मध्ये यायचं नाही. वायफायची गावपळण.

"कौल घेतलंस काय गो, नर्सबाय?" सुशीलाकाकीने कुंपणापलीकडून विचारलं.

"घेतलंय. चंद्रीन दिल्यान."

मुंबईच्या पाहुण्यांनी कुरकुर केली, कोणाची मॅच चालू, कोणाचा काय. पण गावपळण हा शब्द असा आहे की तो ऐकला की खाजणवाडीच्या माणसाचे पाय आपोआप उंबऱ्याबाहेर पडतात. बाबली लुईझाबायच्या मोबाईलवर यादी बघत होता आणि मोठ्याने सांगत होता. पंधरा. अकरा. सात. चार. तीन.

"एक लुईझाबायचो. एक कॅमेरो. तिसरो कोणाचो?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी सुशीलाकाकीच्या कमरेतून मालिकेच्या जाहिरातीचा आवाज आला.

"बंद केलंय गो मी!" काकी म्हणाली आणि मोबाईल काढून दाखवला. "बघ, काळो आसा."

पडदा काळा करून ती मोकळी झाली होती. जितेंद्रने आईच्या हातातून मोबाईल घेतला आणि वायफाय बंद केलं. पण कॅमेरा काढायला तो तयार होईना. "बाय, दिवस भरले हत तिचे. नेमकी आत्ताच विली तर?"

"मी सकाळपासून तिकाच बघतंय," लुईझाबाय म्हणाली. "कास भरली हा, पण शेपटीकडे अजून खळगो पडूक नाय. उद्या दुपार. तेच्या आधी नाय. जा, काड कॅमेरो. आणि काळजी वाटता तर स्वतः जाऊन बस तिच्यापाशी, तिकाय बरा वाटात."

जितेंद्र गेला. यादीत एक उरला. मग लुईझाबायने स्वतःच्या मोबाईलचंही वायफाय बंद केलं, राऊटरचा हिरवा दिवा विझवला आणि लॅपटॉपचं बटण दाबून त्यालाही झोपवलं. घरात, खळ्यात, वाडीत कोणी बोलेना. तेवढ्यात एस.टी.च्या थांब्यावरून एक रिक्षा येऊन गेटाशी थांबली आणि त्यातून सातव्या महिन्याचं पोट सांभाळत एक मुलगी उतरली. एवढी माणसं मोबाईल हातात धरून गप्प उभी बघून ती दचकलीच.

"कोणी… गेलं का?" तिने हळूच विचारलं.

"नाय, नाय, गावपळण चालू आहे," गोठ्याच्या दारातून जितेंद्र म्हणाला. "तुमचं वायफाय बंद ठेवा हां."

आत लुईझाबायने आधी राऊटर चालू केला. हिरवा दिवा स्थिर होईपर्यंत ओठांनी काहीतरी पुटपुटली. मग लॅपटॉपचं बटण. आतून बारीक घरघर सुरू झाली. पुरतं मिनिटभर तिने थांबून घेतलं, आणि सगळ्यांत शेवटी मोबाईलचं वायफाय लावून तो बाबलीला दिला. यादीत तीन ओळी. पहिली राऊटरची, ती मोजायची नसते. तिसरी तिचाच मोबाईल. मधे दोन नंबरवर कोणीतरी एकटंच बसलेलं.

बाबलीने नंबर घातला. एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, दोन.

निळ्या शाईतलं तिचं तिरपं अक्षर पडद्यावर उघडलं.

लुईझाबाय खाली बसली. पदराने डोळे पुसायचे तर पदर नव्हता, गाऊनची बाही होती, तिने भागवलं. "बाबल्या," ती म्हणाली, "देव बरे करूं तुझां."

"माझी चूक मीच निस्तरलंय, तेका कसलो देव," बाबली म्हणाला. "आणि तू माका पायाक धरून उलटो करून थापटी मारलंस, म्हणान मी रडलंय आणि श्वास घेतलंय. ता मी कधी फेडूचंय?" एवढं बोलून त्यालाच अवघडल्यासारखं झालं, म्हणून तो खळ्यात जाऊन वाडीवर ओरडला. आजपासून राऊटर कधीही बंद पडला तर पहिला मान वहीचा. नर्सबायने हाक मारल्याशिवाय कोणी वायफाय लावायचं नाही. मानपानाची गोष्ट म्हटल्यावर वाडीला वेगळं समजवावं लागलं नाही. पालखीपुढे कोण कुठे उभा राहतो यावर जे गाव पिढ्यान्‌पिढ्या वाद घालतं, त्याने वहीचा मान एका मिनिटात कबूल केला.

रश्मीला आत बसवून लुईझाबायने आधी पाणी दिलं, मग तिचे पाय बघितले, सुजलेत का ते. रश्मीने वाकायला सुरुवात केली तशी तिने दंडाला धरून सरळ केलं. "वाकू नको. तुझ्या त्या डॉक्टरान सांगूक नाय?"

"तुम्हाला माझी आई आठवते?" रश्मीने विचारलं.

खोटं बोलायला फार काही लागलं नसतं. 'आठवते तर, गोरीगोमटी, शांत' असं कुठल्याही मुलीला कुठल्याही आईबद्दल सांगता येतं.

"नाय बायो," लुईझाबाय म्हणाली. "म्हातारी झालंय. पण तेव्हा जा बघलंय ता लिवन ठेवलंय."

चौथी वही. एकोणीसशे त्र्याण्णव. तिने बोटाने पानं सरकवली, जून, ऑगस्ट, नोव्हेंबर. थांबली. चष्मा वर केला आणि वाचलं:

"सोळा नोव्हेंबर. सकाळी अकरा चाळीस. मुलगी, दोन किलो सहाशे. आई शालिनी, वय बावीस, पहिलटकरीण. कळा चौदा तास. रडली नाही. मला शिव्या घातल्या, चांगल्या. मुलगी झाल्यावर म्हणाली, बाय, चेडवाक जरा धरा, माका भूक लागली हा. दोन भाकऱ्या आणि सुंगटांची कढी खाल्ली. मग मुलीला घेतलं, बघून हसली, म्हणाली, नाक माझा न्हय, बरा झाला."

रश्मीचा हात नकळत नाकाकडे गेला. एकतीस वर्षं मान खाली घालून फोटोत बसलेली बाई अचानक उठून भाकरी मागत होती. रश्मी हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते तिने थांबवलं नाही.

"परत वाचता?"

लुईझाबायने परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना ती 'शिव्या घातल्या' या शब्दांवर थांबली. तिचे डोळे पानावरून उठून खिडकीबाहेर कुठेतरी गेले, आणि ओठ हलायला लागले.

"खिडकीचो गज धरलेल्यान तिना," ती सावकाश म्हणाली. "डाव्या हातान. हिरव्यो बांगड्यो. कपाळार घाम. आणि माका म्हणाली…"

"काय म्हणाली?"

लुईझाबायने सायबिणीच्या तसबिरीकडे बघितलं. मग खुर्ची पुढे ओढली, रश्मीच्या कानाशी तोंड नेलं आणि ती शिवी सांगितली, पूर्ण, मधे काही न गाळता.

रश्मी पोट धरून हसायला लागली. आतल्या बाळानेही लाथ मारली असावी, कारण तिने तिथे हात ठेवला. "परत," ती म्हणाली. "परत सांगा. जरा मोठ्याने. आईचा आवाज कसा होता?"

"खणखणीत," लुईझाबाय म्हणाली. "पारापर्यंत जायत असो."

आणि तिने छाती भरून श्वास घेतला नि तीच शिवी शालिनीच्या आवाजात घातली.

"अगो, नर्सबाय!" कुंपणापलीकडून सुशीलाकाकी ओरडली.